टनामागे पस्तीस सेंट: सोडून दिलेल्या कोळसा खाणी दुरुस्त कोण करतं?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गेलं. भिंत खचली, छत कोसळलं असं नव्हे. सबंध घर साठ-सत्तर फूट खोल खड्ड्यात उतरलं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली कोळशाची जुनी भूमिगत खाण होती.

ज्या खाणीतून कोळसा निघायचा थांबून काळ लोटला, तिच्यावरची जमीन आज खचली तर खर्च कोणी करायचा? ज्यांनी कोळसा काढला त्यांनी? सरकारने? की ज्याचं घर गेलं त्याने? हा प्रश्न कोळसा निघणाऱ्या प्रत्येक देशात आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये त्यावर एक उत्तर शोधलं आणि गेली जवळपास पन्नास वर्षं ते राबवलं. उत्तर परिपूर्ण नाही. पण पैसा कुठून आणायचा, कोणाला द्यायचा आणि तो कुठे अडतो हे त्यातून फार स्वच्छ दिसतं. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या माणसाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी बिघडतं काय ते पाहू

भूमिगत खाणीत सगळा कोळसा एकदम काढत नाहीत. छत वर राहावं म्हणून कोळशाचेच खांब मधेमधे सोडतात. आपल्याकडच्या खाणकामगारांना 'बोर्ड अँड पिलर' हा शब्द नवा नाही. काम आटोपत आलं की बऱ्याच ठिकाणी हे खांबही कापून नेतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. पोकळी रेतीने भरली तर जमीन टिकते. भरली नाही, किंवा खांब बारीक ठेवले, तर दहा वर्षांनी, कधी सत्तर वर्षांनी खांब पिचतो आणि वरची जमीन खाली येते. तोवर वर गाव वसलेलं असतं, आणि खाली काय आहे हे सांगणारा नकाशा कोणाच्या हाताशी नसतो.

दुसरं नुकसान पाण्याचं. कोळशाच्या थरांत पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं खनिज. जमिनीत बंद असेपर्यंत ते निरुपद्रवी असतं. खाणीमुळे त्याला हवा आणि पाणी लागलं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि लोखंड विरघळून पाण्यात उतरतं. हे पाणी बोगद्यांतून ओढ्यात येतं, तिथे लोखंड गंजून तळाला नारिंगी-पिवळा गाळ बसतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले लोक त्या गाळाला 'यलो बॉय' म्हणतात. असा गाळ बसला की ओढ्यातले किडे मरतात, मग मासे जातात. एकट्या पेनसिल्व्हेनियात साडेपाच हजार मैलांहून अधिक लांबीचे ओढे-नद्या अशा पाण्याने खराब झाल्या आहेत. आणि ही क्रिया खाणीला कुलूप लावल्याने थांबत नाही. खडकात पायराइट शिल्लक आहे, पाऊस पडतो आहे, तोवर ती चालूच राहते.

तिसरी आग. सेंट्रेलिया हे पेनसिल्व्हेनियातलं हजारएक वस्तीचं गाव. मे १९६२ मध्ये जुन्या उघड्या खाणीच्या खड्ड्यात टाकलेल्या कचऱ्याला आग लागली आणि ती खालच्या कोळशाच्या थरात शिरली. सुरुवातीला ती विझवण्याचे प्रयत्न झाले, पण प्रत्येक वेळी पैसा कमी पडला आणि आग पुढे सरकली. १९८३ मध्ये अभ्यास झाला तेव्हा पूर्ण खोदून आग काढण्याचा खर्च ६६ कोटी डॉलरच्या घरात गेला होता. इतका खर्च करण्यापेक्षा गाव हलवणं स्वस्त पडलं. त्यासाठी अमेरिकेच्या संसदेने ४ कोटी २० लाख डॉलर दिले, लोक गेले, पुढे गावाचा पिनकोडही रद्द झाला. आग अजून जळते आहे. सुरुवातीची थोडी रक्कम वेळेवर न मिळाल्याची ही किंमत आहे, आणि पुढचं सगळं वाचताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

याशिवाय उघडे बोगदे, उभे तुटलेले कडे, कचरा-मातीचे ढिगारे. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकच्या खोऱ्यात कोळसा धुतलेल्या काळ्या पाण्याचा बांध फुटला. १२५ माणसं गेली, हजारो बेघर झाली. तो बांध चालू खाणीचा होता, पण कोळशाचा उरलेला मलबा माणसांच्या डोक्यावर कसा टांगलेला असतो हे त्या सकाळी देशाला दिसलं.

कायदा आणि टनामागची पट्टी

त्यानंतर संसदेने कायदा करायला घेतला, पण राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी दोनदा तो अडवला. अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी सही केली. ही तारीख लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा व्यवहार तिच्याभोवती फिरतो.

कायद्याने खाणींचे दोन भाग पाडले. त्या तारखेनंतरच्या खाणींसाठी नियम असा की परवाना घेतानाच कंपनीने हमीची रक्कम ठेवायची. कोळसा काढून झाला की जमीन पूर्ववत करायची, नाही केली तर सरकार ती रक्कम जप्त करून काम करणार. घर भाड्याने देताना आपण डिपॉझिट घेतो, तसंच हे. त्या तारखेआधी सोडून दिलेल्या खाणींचं मात्र काय करायचं? कंपन्या बुडालेल्या, मालक वारलेले, पकडायचं कोणाला?

इथे कायद्याने जो मार्ग काढला तो मला फार न्याय्य वाटतो. जुन्यांना शोधत बसण्याऐवजी आज जो कोळसा निघतो आहे त्याच्यावर पट्टी बसवली: उघड्या खाणीतल्या कोळशावर टनामागे ३५ सेंट, भूमिगत खाणीतल्या कोळशावर १५ सेंट. हा पैसा एका वेगळ्या निधीत जायचा आणि त्यातून जुन्या खाणी दुरुस्त व्हायच्या. धंदा एकच, तेव्हा त्या धंद्याने मागे ठेवलेलं नुकसान त्याच धंद्याने भरून काढायचं. त्या वेळी कोळशाचा भाव टनाला सुमारे २० डॉलर होता. म्हणजे पट्टी दोन टक्क्यांच्याही आत.

कामांचा क्रमही ठरला. आधी जिथे माणसाच्या जिवाला थेट धोका आहे ती कामं: उघडी विवरं बुजवणं, घरांखालच्या पोकळ्या भरणं, धोकादायक कडे उतरवणं. मग कमी तीव्रतेचे धोके. पर्यावरणाची दुरुस्ती तिसऱ्या क्रमांकावर. जीव आधी, हे कोणालाही पटेल. पण त्यामुळे नारिंगी ओढ्यांचा नंबर दशकानुदशकं लागला नाही.

पैसा गोळा झाला, तरी पोहोचला का नाही?

निधी वेगळा असला तरी दरवर्षी त्यातून किती खर्चायचं हे संसद ठरवत असे. ती जमा होई त्यापेक्षा कमी मंजूर करत गेली. न वापरलेली रक्कम दोन अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि खाणपट्ट्यातल्या गावांना निधी नाही असं उत्तर मिळत राहिलं. २००६ मध्ये कायदा बदलला, तेव्हा राज्यांना वाटा दरवर्षी आपोआप मिळायला लागला. निधी नुसता स्थापन करून भागत नाही, त्याला खर्चाची सक्तीही जोडावी लागते.

दुसरी अडचण वाटपाची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. नियम असा होता की ज्या राज्यातून पट्टी जमा झाली त्यातला अर्धा भाग त्याच राज्याला परत द्यायचा. वरवर पाहता हे रास्त आहे. पण १९७०च्या दशकानंतर अमेरिकेचा कोळसा धंदा पश्चिमेला सरकला. वायोमिंगमध्ये जाड थर, उघड्या अजस्र खाणी. देशाचा जवळपास ४० टक्के कोळसा तिथून येऊ लागला. जुनं नुकसान मात्र पूर्वेला, पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीत, जिथे एकोणिसाव्या शतकापासून डोंगर पोखरले गेले. त्यामुळे पैशाचा मोठा ओघ जिथे जुन्या खाणी थोड्या होत्या तिकडे गेला. वायोमिंगची जुनी कामं लवकर संपली आणि पुढे तिथे हा पैसा विद्यापीठाच्या इमारतींसारख्या कामांनाही लागला. पेनसिल्व्हेनियातल्या गावांखाली पोकळ्या तशाच राहिल्या. महसूल जिथून येतो आणि जखम जिथे आहे त्या जागा वेगळ्या असल्या, की महसुलाच्या प्रमाणात केलेलं वाटप जखमेपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे जिल्हा खनिज निधीच्या वाटपावरून जे वाद होतात, त्यांच्या मुळाशीही बहुतेकदा हाच पेच असतो.

निधीवरच्या व्याजाचंही एक वळण आहे. १९९२ च्या कायद्याने ठरलं की या निधीचं व्याज निवृत्त खाणकामगारांच्या औषधोपचारासाठी वापरायचं, कारण ज्या कंपन्यांनी त्यांना आजन्म उपचारांचं वचन दिलं होतं त्यांतल्या अनेक बंद पडल्या होत्या. काहींना हे निधीचं विषयांतर वाटतं. मला वाटत नाही. खाणीने जमीन जशी पोकळ केली तशी फुप्फुसंही, आणि दोन्हींचा हिशेब एकाच कोळशाकडून वसूल होणं योग्य आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत खोल आहे. १९७७ च्या ३५ सेंटची आजची किंमत जवळपास १ डॉलर ८० सेंट भरते. महागाईनुसार पट्टी वाढायला हवी होती. ती उलट उतरत गेली: २००७ मध्ये साडेएकतीस सेंट, २०१२ मध्ये २८, आणि २०२१ मध्ये २२.४. भूमिगत कोळशाची पट्टी आज टनाला ९.६ सेंट आहे. त्यात कोळशाचं उत्पादनच घटलं. २००८ मध्ये देशात ११७ कोटी टन कोळसा निघाला होता, आता त्याच्या निम्माही निघत नाही. हिशेब करून पाहा: ५० कोटी टन धरले आणि सगळा कोळसा उघड्या खाणीतला मानला, तरी वर्षाला ११ कोटी २० लाख डॉलरच्या वर जमा होत नाहीत. कोळशाचा वापर कमी होणं हवेसाठी चांगलं, पण जुन्या खाणी भरायचा पैसाही त्याच कोळशातून येत होता. ही विहीर आटत जाणार हे उघड होतं.

२०२१: सरकारी तिजोरी उघडली

म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये जो बायडन यांच्या काळातल्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात या कामासाठी सुमारे ११३० कोटी डॉलर थेट सरकारी तिजोरीतून मंजूर झाले. रुपयांत ही रक्कम नव्वद हजार कोटींच्या पुढे जाते. पंधरा वर्षांत, दरवर्षी साधारण साडेबहात्तर कोटी डॉलर अशी ती द्यायची आहे. पट्टीची वसुलीही २०३४ पर्यंत वाढवली.

या वेळी वाटपाची जुनी चूक टाळली. आज कोणत्या राज्यात किती कोळसा निघतो हे न पाहता, ३ ऑगस्ट १९७७ पूर्वी तिथून किती टन निघाला होता त्या प्रमाणात पैसा वाटायचं ठरलं. त्यामुळे पहिल्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या वाट्याला सुमारे साडेचोवीस कोटी डॉलर आले, वेस्ट व्हर्जिनियाला चौदा कोटी. सूत्रातला एक शब्द बदलला आणि पैशाची दिशा बदलली. सध्याच्या आणि माजी कोळसा कामगारांना रोजगार देणाऱ्या कामांना प्राधान्य देता येईल, अशीही सोय कायद्यात आहे. ज्याने आयुष्यभर डोझर चालवून खड्डा केला, त्याच्याच हाती तो बुजवायचं काम आलं तर त्या गावात दोन पैसे राहतात.

त्याआधी, २०१६ पासून, एक छोटी योजनाही चालू आहे. तिचा विचार वेगळा: जमीन नुसती धोकामुक्त न करता तिच्यावर उपजीविका उभी राहावी. पहिल्या वर्षी पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीला प्रत्येकी ३ कोटी डॉलर दिले होते. पुढे इतर राज्यं आणि आदिवासी समूहही त्यात आले.

पाण्याचं बिल कधीच संपत नाही

खड्डा एकदा भरला की भरला. आम्लयुक्त पाण्याचं तसं नाही. काही ठिकाणी पाणी चुनखडीच्या चरांतून आणि मुद्दाम तयार केलेल्या पाणथळ तळ्यांतून फिरवतात, म्हणजे आम्ल मारलं जातं आणि लोखंड तळाशी बसतं. पाणी जास्त असेल तर प्रकल्प उभारून चुना घालत राहावं लागतं. तो प्रकल्प आपल्या नातवंडांच्या काळातही चालवावा लागेल. वीज, चुना, माणसांचे पगार, साचलेला गाळ काढून नेणं, हे सगळं दरवर्षी. आणि पंधरा वर्षांसाठी मिळालेलं अनुदान सोळाव्या वर्षी कुठून आणणार?

यावरचा उपाय आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावायला नको: मुद्दल बँकेत ठेवा, व्याजावर चालवा. नेहमीच्या पट्टीतून मिळणाऱ्या पैशातले ३० टक्क्यांपर्यंत अशा खात्यात ठेवण्याची मुभा राज्यांना आधीपासून होती. २०२१ च्या मोठ्या रकमेला मात्र ती मुभा नव्हती. म्हणजे प्रकल्प बांधायला पैसा होता, चालवायला नव्हता. ओढ्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक मंडळींनी आणि राज्यांनी हे लावून धरलं आणि २०२२ च्या अखेरीस संसदेने दुरुस्ती करून या रकमेतलेही ३० टक्के व्याजी खात्यात ठेवायला परवानगी दिली. बातम्यांत ही दुरुस्ती फारशी आली नाही, पण माझ्या मते या सगळ्या कायद्यांमधलं सर्वांत शहाणपणाचं कलम हेच आहे.

एक भगदाड अजून उघडं आहे. १९७७ नंतरच्या खाणींसाठी हमीची रक्कम आहे असं वर म्हटलं. पण काही राज्यांनी मोठ्या कंपन्यांना रोख किंवा विम्याची हमी न मागता नुसत्या त्यांच्या आर्थिक ताकदीवर सोडलं. २०१५ च्या आसपास कोळसा धंदा घसरला आणि बड्या कंपन्या एकापाठोपाठ एक दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा त्या ताकदीचा आधार किती कच्चा होता ते दिसलं. या खाणी १९७७ च्या त्या तारखेनंतरच्या असल्याने जुन्या खाणींच्या निधीतून त्यांना सहसा पैसा मिळत नाही.

आणि आपल्याकडे?

भारतात कोळसा खाणी १९७१ ते ७३ दरम्यान राष्ट्रीयीकृत झाल्या. त्याआधीच्या खाजगी मालकांनी मागे ठेवलेलं नुकसान सरकारी कंपन्यांच्या पदरात आलं. झारखंडमधल्या झरियात पहिली आग १९१६ मध्ये नोंदली गेली. तिथल्या आगी, खचणाऱ्या वस्त्या आणि पुनर्वसन यांसाठी २००९ मध्ये ७,११२ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला, तो अपुरा राहिला, आणि जून २०२५ मध्ये झरियासाठी ५,९४० कोटींचा सुधारित आराखडा आला. सेंट्रेलियात एक गाव हलवायचं होतं, झरियात शेकडो ठिकाणं आहेत आणि लाखो माणसं.

चालू खाणींसाठी केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये नियम केला. प्रत्येक खाणीचा बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर हवा, आणि त्यासाठी दरवर्षी एका एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरायचे. तेव्हाचा दर उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीला १ लाख होता, आणि महागाईनुसार तो वाढत जायचा. म्हणजे अमेरिकेतल्या हमीच्या रकमेची जागा आपल्याकडे या खात्याने घेतली. महागाईशी जोडलेला दर ही गोष्ट तर आपण त्यांच्यापेक्षा चांगली केली.

पण टनामागच्या पट्टीसारखं, जुन्या सोडून दिलेल्या खाणींसाठीच राखून ठेवलेलं असं काही आपल्याकडे उभं राहिलं नाही. कोळशावर उपकर नव्हता असं मुळीच नाही. २०१० मध्ये टनाला ५० रुपयांनी सुरू झालेला स्वच्छ ऊर्जा उपकर २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेवढीच रक्कम राज्यांच्या भरपाईसाठी घेतली जाऊ लागली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती बंद होऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. अमेरिकेची आजची पट्टी रुपयांत टनाला वीसच्या आसपास पडते. आपण वर्षानुवर्षं ४०० घेत होतो. त्या पैशाचा उद्देश वेगळा होता, पण त्यातले वीस रुपये जरी घुग्घुससारख्या गावांखालच्या पोकळ्या शोधायला आणि भरायला बाजूला काढले असते, तर आज आमराई वॉर्डासारख्या किती वस्त्यांखाली रेती भरून झाली असती.

खाणपट्ट्यातल्या वाचकासाठी एक कामाची गोष्ट. नवी खाण किंवा विस्तार येतो तेव्हा पर्यावरण परवानगीआधी जनसुनावणी होते आणि प्रकल्प अहवालाचा सारांश मराठीतून द्यावा लागतो. नोकऱ्या आणि मोबदला यांवर तिथे भरपूर बोललं जातं, बोललंच पाहिजे. सोबत खाण बंद करण्याच्या आराखड्याचं पानही उघडा. प्रकल्पाचं क्षेत्र किती हेक्टर, दर काय धरला, एस्क्रो खात्यात कोणत्या वर्षापासून किती जमा होणार हे तिथे असायला हवं. २००९ च्या दराने सुद्धा ५०० हेक्टरच्या उघड्या खाणीचे ३० कोटी रुपये होतात. शेवटचा खड्डा भरणार की त्यात पाणी साठू देणार, ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांवर काय लावणार, आणि खाली जुनी भूमिगत कामं असतील तर त्यांचे नकाशे ग्रामपंचायतीला मिळणार का, हे प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.